आप्पांचा धोंडा

अर्ज करणारा माणूस वारला तरी त्याच्या अर्जाचं पुढे काय झालं, हे विचारत हिंडणारी एक जात असते. ही माणसं स्वतः होऊन सहसा काही सुरू करत नाहीत. दुसऱ्याने सुरू केलेलं आणि मग विसरलेलं ती हुडकून काढतात, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत स्वतः झोपत नाहीत, समोरच्यालाही झोपू देत नाहीत. लग्नात द्यायची राहिलेली मानाची साडी, सोसायटीच्या सभेत 'पुढच्या वेळी बघू' म्हणून गुंडाळलेला विषय, १९९२ साली शेजारणीने उसना नेलेला पाटा, ह्यांच्या वहीत सगळं 'प्रलंबित' असतं. नातेवाईक त्यांना टाळतात, अधिकारी त्यांना जिन्यात पाहून चहाला निघून जातात, आणि तरी गावात नळ येतो तो ह्यांच्यामुळेच.

ह्या जातीचा अर्क पाहायचा तर पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणला जावं. तिथले आप्पा लघुग्रहांचा पाठपुरावा करतात.

कुडपण म्हणजे रायगड जिल्ह्याचं टोक. पलीकडे एका अंगाला रत्नागिरी, दुसऱ्या अंगाला सातारा. चहूकडे सह्याद्री, 'भीमाची काठी' नावाचा सुळका, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा, आणि वर्षातला बराच काळ कुलपं लावलेली घरं. किल्ल्या मुंबईला. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर वाडीत माणसं कमी आणि अंधार मुबलक. हा अंधार पाहूनच आप्पा निवृत्तीनंतर गावी परतले. बाकीचे चाकरमानी आंबे-फणसांसाठी येतात, हे काळोखासाठी आले. पहिल्या वर्षी गावाने त्यांच्यावर जरा लक्षच ठेवलं होतं.

मुंबईत आप्पांनी अख्खी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर काढली. येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, जाणाऱ्याला जावक क्रमांक द्यायचा, आणि मधल्या मध्ये जो नाहीसा होतो त्याच्या मागे लागायचं, एवढंच काम. तिसरा भाग कामाच्या यादीत नव्हता. तो आप्पांनी आपणहून अंगावर घेतला. त्यांच्या स्मरणपत्रांची खात्यात दहशत होती. पहिलं स्मरणपत्र 'सविनय', दुसरं 'पुनश्च सविनय', तिसऱ्यात विनय गायब आणि चौथ्याची प्रत 'माहितीसाठी' थेट वरच्या साहेबांना.

१९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मुंबईबाहेरच्या एका माळावर आप्पाही बाकीच्यांबरोबर थंडीत कुडकुडत उभे होते. त्या खेपेला हॅलेने सगळ्यांची निराशा केली. फिक्कट डाग पाहून लोक म्हणाले, "एवढंच?" तरुण आप्पांनी विचारलं, "परत कधी?" कुणीतरी सांगितलं, २०६१. त्यावर आप्पांचा पुढचा प्रश्न होता, "आणि तोपर्यंत ह्याच्याकडे बघणार कोण?" माळावर कुणालाच उत्तर देता आलं नाही. ह्या प्रश्नातून पुढे जे झालं, त्याने आप्पांचा फंड, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, व्हायच्या राहिलेल्या पाटल्या आणि वाडीची शांतता, तिन्ही गोष्टी गिळल्या.

गाव लघुग्रहाला 'धोंडा' म्हणतं. "आप्पा, गावला का धोंडा?" असं सकाळी पाणवठ्यावर विचारतात. धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आप्पांचा बारा महिने, हा तिथला जुना विनोद. आप्पांना 'धोंडा' शब्दाचा राग नाही. 'गावला' ह्या शब्दाचा आहे. "मी शोधत नाही," ते दर वेळी न कंटाळता सांगतात. "शोधणारे वेगळे. ते अॅरिझोनात, हवाईत, चिलीत. त्यांच्या मोठाल्या दुर्बिणी रोज रात्री आकाश झाडून काढतात. एखादा ठिपका हललेला दिसला की तासाभरात चार वेळा टिपतात आणि पुढच्या पट्ट्याकडे वळतात. झालं त्यांचं काम. पण चार ठिपक्यांवरून कक्षा ठरते का? त्या चार ठिपक्यांतून शेकडो वाटा जातात. एक मंगळापलीकडे जाईल, एक आपल्या अंगणात येईल. कोणती खरी ते कळायला त्याच धोंड्याला उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात कुणीतरी पुन्हा गाठायला हवं. नाही गाठलं तर नस्ती गहाळ!"

ह्या नोंदींचं जागतिक आवक-जावक टेबल अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आहे. मायनर प्लॅनेट सेंटर त्याचं नाव. नवा ठिपका आला की ते तो 'खात्री करायची आहे' अशा यादीत टाकतात आणि जगभरचे लोक, त्यात व्यावसायिक आले तसे परसातले हौशीही आले, रात्र पडेल तिथून तो पुन्हा टिपायला धावतात. पृथ्वीजवळून जाणारे ४० हजारांवर धोंडे आज ह्या दप्तरात नोंदलेले आहेत. आप्पांच्या दृष्टीने मानवजातीने उभारलेली ही सर्वांत सुंदर कचेरी. तिथे स्मरणपत्र पाठवावं लागत नाही, तिथे येणारा प्रत्येक कागदच मुळी स्मरणपत्र असतो.

गहाळ नस्त्यांचा इतिहास आप्पांना तोंडपाठ आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नाही. पहिला लघुग्रह सेरेस. पालेर्मोच्या पियाझीला तो १ जानेवारी १८०१ ला दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्याने त्याचे वेध घेतले, मग आजारी पडला, आणि सेरेस सूर्याच्या झगमगाटात शिरला. पियाझीने आपली निरीक्षणं इतरांना पाठवायला दिरंगाई केली, हे सांगताना आप्पांचा आवाज अजूनही चढतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या ह्या दिरंगाईबद्दल त्यांनी कुणाला तरी पत्र टाकलं नसेल अशी खात्री देता येत नाही. शेवटी चोवीस वर्षांच्या गणिती गाउसने मोजक्या निरीक्षणांवरून कक्षा मांडली आणि ३१ डिसेंबरला सेरेस पुन्हा सापडला. मग 'अल्बर्ट'. १९११ ला सापडला, लगेच हरवला, २००० साली परत मिळाला. आणि 'हर्मीस'. १९३७ मध्ये पृथ्वीजवळून गेला आणि ६६ वर्षं बेपत्ता. २००३ मध्ये गवसला. "६६ वर्षं!" आप्पा बशी खाली ठेवतात. "जवळून जाणारा धोंडा, आणि तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. आमच्या खात्यात एवढा उशीर फक्त पेन्शनला व्हायचा."

जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही गोष्ट आप्पांनी कितीदा वाचली असेल कुणास ठाऊक. त्या गोष्टीत एक बंगाली हौशी निरीक्षक धूमकेतू शोधतो. वाचणाऱ्याला तो शोधाचा क्षण आवडतो. आप्पांची तक्रार अशी, की शोधला ते ठीक, पण नंतरच्या रात्रींचे वेध कुणी घेतले त्यांची नावं नारळीकरांनी दिलेली नाहीत.

घराच्या मागच्या खळ्यावर आप्पांची वेधशाळा आहे. चार खांब, सरकवता येईल असा पत्रा, त्याखाली आठ इंची आरशाची दुर्बीण आणि मागे कॅमेरा. एवढ्या आरशाला फार अंधूक ठिपके झेपत नाहीत, हे आप्पा स्वतःच आधी सांगतात. त्यांचा वाटा जवळून जाणाऱ्या, जरा तेजस्वी धोंड्यांचा. त्यासाठीही ते एकामागून एक बरेच छोटे फोटो काढतात आणि धोंडा ज्या वेगाने, ज्या दिशेने सरकतो त्या हिशेबाने फोटो एकमेकांवर रचतात. मग तारे लांब रेघा होतात आणि सगळ्या रेघांमध्ये एक ठिपका स्थिर उभा राहतो. तो धोंडा. काकींना हा फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाकी सगळे हलले, हाच तेवढा बरा आलाय."

ह्या वेधशाळेतली मुख्य अडचण म्हणजे फणस.

दुर्बिणीचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखला नाही तर तारे भिंगातून निसटत राहतात. ध्रुव तारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो, म्हणजे कुडपणला जेमतेम १८ अंश. युरोपातला हौशी मान वर करून ध्रुव बघतो, आमच्याकडे तो डोंगराच्या खांद्यावर टेकलेला. आणि आप्पांच्या खळ्यावरून पाहिलं तर बरोब्बर काप्या फणसाच्या मागे. फणस काकींच्या सासूबाईंनी लावलेला. आप्पांनी रीतसर लेखी विनंती केली: 'विषय : उत्तरेकडील दोन फांद्या छाटणेबाबत.' काकी चौथी शिकलेल्या, पण इतकी वर्षं आप्पांबरोबर काढल्यामुळे त्यांना शेरा मारता येतो. त्यांनी कागदाच्या समासात लिहिलं, 'फणस ठेवून काय तो ध्रुव हलवावा.'

मग आप्पांनी दुसरी वाट धरली. दक्षिणेकडचा एखादा तारा धरायचा, तो हळूहळू वर सरकतो की खाली हे तासभर बघायचं, त्यावरून अक्ष कुठे चुकलाय ते ओळखायचं, कणभर फिरवायचं आणि पुन्हा तासभर बघायचं. जगभरचे निरीक्षक अडचण आली की असंच करतात. फरक एवढाच, की मे महिन्यात त्यांच्या मागे फणस धपकन पडत नाहीत. आप्पांच्या वहीत त्याची वेळेसह नोंद असते: 'स्थानिक घटना. धोका नाही.'

वेळ हा आप्पांचा दुसरा आजार. जवळून जाणारा धोंडा मिनिटाला एक कलाही सरकू शकतो, म्हणजे सेकंदाला एक विकला. अंशाचा ३६००वा भाग म्हणजे विकला. स्थान विकलेच्या आत अचूक हवं असेल तर घड्याळ एका सेकंदानेही चुकून चालत नाही. म्हणून आप्पांकडे उपग्रहावरून वेळ घेणारं यंत्र आहे आणि त्याचा त्रास सबंध वाडीला आहे. लग्नाचा मुहूर्त टळला की भटजींच्या आधी आप्पा सांगतात, किती सेकंदांनी. गावच्या गाडीच्या ड्रायव्हरला एकदा त्यांनी थांबवून म्हटलं, "आज ४ मिनिटं १२ सेकंद लवकर आलात. असं करू नका, लोकांची सवय मोडते."

नोंद पाठवायचा नमुना तर त्यांच्यासाठीच घडवल्यासारखा. प्रत्येक निरीक्षणाची एक ओळ, बरोब्बर ८० रकान्यांची, पंचकार्डांच्या काळापासून चालत आलेली. अमुक रकान्यात तारीख, अमुकात स्थान, अमुकात तेज, शेवटी वेधशाळेचा क्रमांक. एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली की ओळ बाद. आता नवा, सुटसुटीत नमुना आला आहे. आप्पांना जुनाच प्रिय. "८० रकाने," ते नवस फेडल्यासारखं म्हणतात. "आमच्या सगळ्यात मोठ्या रजिस्टरला सव्वीस होते."

ग्रामपंचायतीने वाडीच्या वळणावर एलईडीचा दिवा लावला तेव्हा आप्पांचा अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. अंधार हा नैसर्गिक ठेवा आहे वगैरे. सरपंचबाईंचं उत्तर आलं ते आप्पांच्याच भाषेत: 'आपला अर्ज प्राप्त झाला. बिबट्याबाबत आपले म्हणणे कळवावे.' आप्पांनी आठ दिवस विचार केला. बिबट्याबाबत त्यांना म्हणणं सुचलं नाही. शेवटी गोडेतेलाचा डबा कापून त्यांनी दिव्याला टोपी शिवली. उजेड रस्त्यावर पडतो, आकाशात जात नाही, बिबट्याही दिसतो. खरं तर सगळ्या शहरांना पुरेल असा हा शहाणपणाचा तोडगा आहे. मोठ्या शहरांत ह्यासाठी समिती नेमतात, कुडपणला पंधरा लिटरच्या डब्यात भागलं.

भाजावळीपुढे मात्र आप्पा हरले. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतले की दऱ्या धुराने भरतात, त्यात कुठे वणवा लागला तर चार-चार दिवस तारे लालसर दिसतात. आप्पांनी वाडीत तारखा ठरवून भाजायची कल्पना मांडली. म्हाताऱ्या शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, "तुमचा धोंडा खाऊन पोरं जगतील का आप्पा?" ही एकच नस्ती आप्पांनी स्वतःहून निकाली काढली.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर कुडपणला आकाश नसतं, फक्त पाणी असतं. कॅमेरा आणि भिंगं काकींच्या तांदळाच्या डब्यात जातात, दमट हवेने बुरशी धरू नये म्हणून. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला, टाळेबंदीत अडकलेल्या सगळ्या जगाने तो गच्चीवरून पाहिला, कुडपणने ढग पाहिले. तो पुन्हा यायला सुमारे ६,८०० वर्षं लागणार. आप्पांच्या वहीत त्यापुढे 'पुढील तारीख' अशी नोंद आहे.

त्याच पावसाळ्यात एक गोष्ट अशी घडली, की आप्पा आजही ती सांगताना एकाच वेळी फुशारतात आणि चिडतात. १६ ऑगस्ट २०२०, रविवार, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून, जमिनीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून एक धोंडा गेला. मोटारीएवढा किंवा त्याहून जरा मोठा, सेकंदाला १२ किलोमीटरवर वेग. पृथ्वीला न आपटता इतक्या जवळून गेलेला धोंडा तोवर नोंदला गेला नव्हता. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट ४५ अंशांनी वळली. त्याचं नाव २०२० क्यूजी. तो ओळखला कुणी? कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीचे फोटो तपासणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते, कुणाल देशमुख आणि कृती शर्मा. लांबलचक रेघ दिसली आणि त्यांनी ती पकडली. इथपर्यंत आप्पांची छाती फुगलेली असते. मग ती खाली येते, कारण रेघ टिपली गेली ती धोंडा गेल्यावर सहा तासांनी. "सुनावणी झाल्यावर नोटीस," आप्पा म्हणतात. पोरांचा दोष नाही, सूर्याच्या बाजूने येणारा धोंडा आधी दिसतच नाही, हे ते लगेच जोडतात. २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला असाच सूर्याच्या बाजूने आला होता.

आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 'ग्रोथ-इंडिया' ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण लडाखमध्ये हानलेला आहे, साडेचार हजार मीटर उंचीवर. ती आपोआप चालते आणि हलणाऱ्या धोंड्यांचा पाठपुरावाही करते. ह्या दुर्बिणीबद्दल आप्पांना आदर आहे आणि थोडी असूयाही. तिच्या वाटेत फणस नाही.

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या रात्री, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. आप्पांना फोन, "धोंडा पडला!" आप्पांनी व्हिडिओ पाहून दहा सेकंदांत सांगितलं, "हा धोंडा नाही, अग्निबाणाचा तुकडा आहे." उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने घुसते आणि डोळा लवायच्या आत संपते. हे तुकडे सावकाश, आडवे, एकामागून एक जात होते, म्हणजे कक्षेतून घसरलेला कचरा. तो चिनी अग्निबाणाचा निघाला. खरा धोंडा पाहायचा तर लोणारला जा, असं आप्पा सांगतात. आपला सह्याद्री ज्याचा झाला त्याच काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं १.८ किलोमीटरचं भगदाड. "त्याचाही पाठपुरावा कुणी केला नव्हता," हे वर.

पण आप्पांचा खरा सोनेरी काळ म्हणजे २०२५ चा फेब्रुवारी.

आदल्या २७ डिसेंबरला चिलीतल्या दुर्बिणीला एक धोंडा सापडला होता, २०२४ वायआर४. साधारण ६० मीटरचा. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर पडण्याची शक्यता शंभरात एकाच्या वर गेली, आणि ज्या पट्ट्यात पडू शकतो त्यात प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र आणि चक्क मुंबई. कुडपणची अर्धी माणसं मुंबईत. आप्पांचा फोन थांबेना. एकाने विचारलं, "आप्पा, त्या दिवशी गावाला येऊ का?" आप्पांनी पंचांग पाहून सांगितलं, "बुधवार आहे, रजा टाकावी लागेल." एकाने चिंचपोकळीच्या जुन्या चाळीच्या जागी नवा फ्लॅट घेतला होता, २०३२ ला ताबा. त्याला आप्पा म्हणाले, "तुझ्या बिल्डरचा इतिहास बघता तू सुरक्षित आहेस."

आणि रोज शक्यता वाढत होती. १८ फेब्रुवारीला नासाने ३.१ टक्के सांगितली. एवढ्या आकाराच्या धोंड्याला एवढा आकडा कधीच मिळाला नव्हता. काकी हादरल्या. "परवा एक होता, आज तीन झाला. म्हणजे आपल्याकडेच यायला लागलाय ना?"

तेव्हा आप्पांनी ओटीवर बसून जे सांगितलं ते मी कुठल्याही वर्तमानपत्रात इतकं सोपं वाचलं नाही. "समज, पोलादपूरहून रात्रीची गाडी सुटली. पाटी गळून पडलेली. वाटेवर शंभर वाड्या. ती आपल्याकडे येण्याची शक्यता किती? शंभरात एक. मग पहिल्या फाट्यावरच्या चहावाल्याने फोन केला, गाडी इकडे वळली नाही. साठ वाड्या गळल्या. उरल्या चाळीस. आपला वाटा वाढला की नाही? गाडी आपल्याकडे वळली का? नाही. नुसते बाकीचे गळले. पुढच्या फाट्यावर आणखी गळतील, आपला वाटा आणखी वाढेल. आणि मग शेवटच्या वळणावर गाडी दुसऱ्याच वाडीला जाईल आणि आपण एका फटक्यात शून्य. ते चहावाले म्हणजेच पाठपुरावा करणारे. ते फोन करतायत म्हणून आकडा वाढतोय."

"आणि गाडी आपल्याकडेच वळली तर?" काकी.

"तर भात टाकायचा," आप्पा म्हणाले. "सात वर्षं आहेत. २०२२ मध्ये नासाने डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या धोंड्यावर आदळून त्याच्या फेरीतली बत्तीस-तेहतीस मिनिटं कमी केली आहेत. आधी कळलं तर धक्का देता येतो."

फेब्रुवारी संपायच्या आत नवी निरीक्षणं आली आणि पृथ्वीवर पडण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर आली. अगदी शेवटच्या वळणावरच्या गाडीसारखी. वाडीत काही लोक नाराज झाले. आठवडाभर ज्यांनी मुंबईच्या नातेवाइकांना 'या गावाला, जागा आहे' असं मोठेपणाने सांगितलं होतं, त्यांचा मोठेपणा गेला. वायआर४ आप्पांच्या आरशाला झेपण्याइतका तेजस्वी कधीच नव्हता, पण त्या आठवड्यात गावाने त्यांना तो आपणच परतवून लावल्याचा मान दिला, आणि आप्पांनी तो नम्रपणे, पोच देऊन, स्वीकारला.

तालुक्याच्या शाळेतली काही पोरंही आता त्यांच्याकडे येतात. हवाईच्या दुर्बिणीने एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो आंतरराष्ट्रीय मोहिमेतून मिळतात, पोरं ते एकामागून एक चमकवून हललेला ठिपका शोधतात. एकीला ठिपका मिळाला. तिने विचारलं, "माझं नाव कधी देणार?" आप्पा म्हणाले, "क्रमांक मिळायलाच सहा ते दहा वर्षं." पोरगी रडकुंडीला आली. आप्पा खूश. कुणाला तरी प्रलंबित असण्याचं दुःख कळत होतं.

आता सांगण्यासारखी खरी गोष्ट. आप्पांच्या वेधशाळेला अजून क्रमांक नाही. तो मिळवायला माहीत असलेल्या काही लघुग्रहांचे वेध वेगवेगळ्या रात्री घ्यायचे असतात, स्थानं विकलेच्या आत बसली की नोंदी पाठवायच्या, क्रमांक मिळतो. आप्पांच्या नोंदी विकलेच्या आत केव्हाच बसल्या आहेत. पण त्यांनी त्या पाठवलेल्याच नाहीत. विचारलं तर एकच उत्तर, "त्रुटी आहेत." कधी अक्षांशाच्या शेवटच्या दशांशात शंका, कधी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत फणसाची मुळं धरायची की नाही असला प्रश्न. उभा जन्म दुसऱ्यांचे अर्ज ढकलणारा माणूस स्वतःच्या अर्जावर पेपरवेट ठेवून बसला आहे. ह्या जातीच्या माणसांचं हेच असतं, त्यांना निकाल लागायची भीती वाटते. लागला तर उद्या सकाळी करायचं काय?

गेल्या दिवाळीत काकींनी त्यांना एक कागद दिला. 'स्मरणपत्र क्र. १. विषय : वेधशाळा क्रमांकाबाबत. आपला अर्ज अद्याप अप्राप्त आहे. तरी त्वरित कार्यवाही व्हावी, ही सविनय विनंती.' आप्पांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि वहीत लावला. सध्या दुसऱ्या स्मरणपत्राची वाट पाहणं चालू आहे.

त्यांनी स्वतःसाठी शेवटची मुदत मात्र ठरवली आहे. अपोफिस. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा धोंडा २००४ च्या डिसेंबरात २.७ टक्क्यांपर्यंत गेला होता, मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या फोटोंत तो आधीच उमटलेला सापडला आणि २०२९ चा धोका सरला. जुन्या नस्तीत हवा तो कागद मिळण्याचं सुख आप्पांना इथे पुरेपूर मिळतं. आता निदान शंभर वर्षं तो पडत नाही हे २०२१ मध्ये पक्कं झालं आहे. पण आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराला तो जमिनीपासून ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, दळणवळणाच्या भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. त्या रात्री खाली महाडमध्ये आंबेडकर जयंतीमुळे माणसं जागीच असतील, तेव्हा गर्दीची व्यवस्था वेगळी करावी लागणार नाही, असं आप्पांनी वहीत लिहून ठेवलं आहे.

हिवाळ्यात कुडपणला जाणार असाल तर जरूर जा, चहा मिळेल, पण सेरेसची गोष्ट ऐकायची तयारी ठेवा. टोपीवाल्या दिव्याच्या वळणावर गाडीचे दिवे मंद करा. प्रखर दिवे लावून खळ्यासमोर गाडी वळवलीत तर आप्पा तुमच्या गाडीचा नंबर टिपून घेतात, सेकंदासह. पहिल्या दोन पत्रांकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. तिसऱ्याला उत्तर द्या, चौथ्याची प्रत तुमच्या साहेबांना जाते.